जुना रेकॉर्ड प्लेअर घेताना

जुना रेकॉर्ड प्लेअर विकत घेऊन दुरुस्त करण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात, की पितळी कर्ण्याचे झगमगीत ग्रामोफोन आधी डोळ्यांत भरतात. माझे स्पष्ट मत असे की, विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी. त्यांतले बरेचसे म्हणजे नवे लाकूड, नवे पितळ आणि कुठले तरी जुने यंत्र यांची जोडाजोड असते. दिवाणखान्यात शोभेला ते ठीक. पण आपल्याला वाजणारे आणि शिकवणारे यंत्र हवे आहे. त्यापेक्षा कोपऱ्यात धूळ खात पडलेला, सूटकेससारख्या पेटीतला, विजेवर चालणारा साधा प्लेअर उचला. एच.एम.व्ही.चा ‘फिएस्टा’ तुमच्या आजी-आजोबांना कदाचित आठवेल.

पेटीचे पॉलिश पाहू नका, थाळी पाहा. थाळी म्हणजे ज्यावर तबकडी ठेवतात ती गोल चकती. ती हाताने फिरवून सोडा. गुपचूप फिरत राहून हळूहळू थांबली तर उत्तम. खडखडली किंवा डुगडुगली, तर तिचा आस झिजलेला आहे आणि तो घरच्या घरी दुरुस्त होत नाही. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका. उलट रबराचे चाक कडक झालेले असणे किंवा पट्टा सैल पडलेला असणे हे दोष दिसायला मोठे, पण बरे होणारे आहेत.

यानंतर दुकानदाराकडे विजेची जोडणी मागा. थाळीच्या कडेला कागदाचा एक तुकडा चिकटवा आणि घड्याळ लावून फेरे मोजा. लाँग-प्ले तबकडीसाठी थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १००. मोजणी ९५-९६ वर थांबली तर घाबरू नका. बहुधा वंगण गोठलेले असते किंवा रबर घसरत असते. पण ८३ च फेरे भरले तर? मग यंत्राच्या मागची पट्टी वाचा. त्यावर ६० हर्ट्‌झ लिहिलेले आढळण्याचा संभव मोठा! हे यंत्र अमेरिकेत वापरण्यासाठी बनले आहे. तिकडे वीज सेकंदाला ६० आवर्तने करते, आपल्याकडे ५०. आणि अशा मोटारीचा वेग आवर्तनांवर अवलंबून असतो. विक्रेता म्हणेल, “ट्रान्स्फॉर्मर लावा, काम झाले.” ट्रान्स्फॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने बदलत नाही. वेग ५/६ झाला की प्रत्येक स्वराची कंपनसंख्याही ५/६ होते. गाणे शिकणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. शुद्ध धैवत आणि षड्ज यांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर ५:३ असते, म्हणून मंद्र धैवताचे ५:६. म्हणजे गायकाने लावलेला ‘सा’ तुम्हाला मंद्र धैवतावर ऐकू येईल! काही चांगल्या यंत्रांत मोटारीवरची छोटी कप्पी बदलून हा दोष घालवता येतो. तशी कप्पी मिळणार नसेल तर मोह आवरावा.

हीच तपासणी शाळेत अधिक नेमकेपणाने करता येते. पुठ्ठ्याची चकती कापा आणि कोनमापकाने तिच्या कडेवर दर २ अंशांना एक अशा १८० रेघा काढा. ती थाळीवर ठेवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा. असा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. थाळी सेकंदाला २०० अंश फिरते, म्हणजे दोन उजेडांच्या मध्ये बरोबर २ अंश. वेग अचूक असेल तर प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. त्या पुढे सरकू लागल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्तुळगतीचा पाठ एकदा असा घेऊन पाहावा.

आता सुईविषयी. येथे मी थोडा कडक बोलणार आहे, कारण माझ्या हातून एक नुकसान झालेले आहे. जुन्या पुष्कळ यंत्रांत दोन तोंडांची सुई असते. एक तोंड ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी, दुसरे लाँग-प्लेसाठी. पहिल्याचे टोक सुमारे तिप्पट जाड असते. लहानपणी सुई उलटवायला विसरून मी आत्याची एक लाँग-प्ले तबकडी त्या जाड टोकाखाली लावली, तीही पाठोपाठ चार वेळा. जाड टोक खाचेत उतरत नाही. खाचेच्या काठांवरून घासत जाते. मालकंसाच्या आलापीत तेव्हा शिरलेली खरखर आजही तशीच आहे. आत्या मला एक शब्दही बोलली नाही. खाचेची भिंत हाच तेथे आवाज असतो, आणि खरवडलेली भिंत कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.

म्हणून यंत्र घेताच पहिला खर्च नव्या सुईवर करा. रंग, पॉलिश मागाहून. काही जाणकार सांगतील की, जुने सेरॅमिक कार्ट्रिज काढून चुंबकीय बसवा. चुंबकीय कार्ट्रिज तबकडीवर कमी भार टाकते, हे खरे. पण त्याचा विद्युत्‌दाब काही मिलिव्होल्टच असतो आणि त्याला वेगळा प्रवर्धक लागतो. सेरॅमिकमध्ये स्फटिक वाकला की थेट शेकडो मिलिव्होल्ट मिळतात. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला हा परिणाम तुमच्या डोळ्यांसमोर गाऊ लागतो. शाळेसाठी मी सेरॅमिकच ठेवीन. मात्र त्यावर बाजारातल्या स्वस्त, ओरखडलेल्या तबकड्याच वाजवीन. पेटी उघडण्यापूर्वी वीज काढा, आणि पहिल्या वेळी तरी शिक्षक शेजारी असू द्या. घरातल्या जपलेल्या तबकड्या तोवर कपाटात उभ्या ठेवा. एकावर एक रचू नका.