भंगारात देण्याआधी

पेंटियम फोरच्या जमान्यातला एखादा संगणक अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून असतो. अब्बांच्या दुकानाचा हिशेब त्यात, बाजीच्या निकाहचे फोटोही त्यातच. बटण दाबले की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. मग 'बोर्ड गेला' म्हणत भंगारवाल्याला हाक जाते. आमचे म्हणणे एवढेच, की त्याआधी एकदा डबा उघडून पाहा.

फोटोंची काळजी नको. ते हार्ड डिस्कमध्ये असतात आणि डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. पण हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर त्याच यंत्रावर चालत असेल, तर बोर्ड वाचवलेलाच बरा.

प्रोसेसरच्या बाजूला लहान नळकांडी ओळीने उभी दिसतील. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. प्रोसेसरला मिळणारी वीज स्थिर ठेवणे हे त्यांचे काम. त्यांच्या पोटात द्रव असतो. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या अनेक कपॅसिटरमध्ये हा द्रवच सदोष होता. आत वायू साठतो, डोके फुगते, तपकिरी चिकटा बाहेर येतो. डेल कंपनीला तर अशा बिघडलेल्या संगणकांपायी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

बंद पडण्याची कारणे इतरही असतात. पण डोके फुगलेले दिसले, तर तो कपॅसिटर बदलायलाच हवा. त्याच कंपनीचे शेजारचेही सोबत बदलावेत. सपाट डोक्याचा कपॅसिटरही आतून खराब असू शकतो.

नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी कधीच नाही. १०५ अंशांचा आणि 'लो ईएसआर' असाच मागा. साधा कपॅसिटर इथे टिकत नाही. अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. उलटा बसला तर फुटतो. बोर्डवरच्या खुणा कंपनीगणिक वेगळ्या असतात, म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

बोर्डच्या आतले तांबे उष्णता ओढून घेते. जुन्या जोडावर थोडे ताजे सोल्डर लावा, ते पुरते वितळू द्या आणि एकेक पाय हळूहळू सैल करा. जोर लावून ओढाल तर छिद्रातले तांबे निघून येईल आणि मग बोर्ड खरोखरच जाईल. सोल्डरिंगचा हात नसेल, तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे काम द्या आणि वर सांगितलेले आकडे त्याला सांगा.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात.

संगणक पुन्हा सुरू झाला, की पहिले काम हिशेबाची प्रत काढण्याचे. दुरुस्त झालेले जुने यंत्र किती दिवस साथ देईल, याची खात्री कुणी देत नाही.