भातुकलीत कोण जिंकते?

ज्यात हार नाही, जीत नाही, शत्रू नाही, तो खेळच नव्हे, असा एक निवाडा पडद्यावरच्या खेळांचे पंडित गेली कित्येक वर्षे देत आले आहेत. मला तो साफ अमान्य आहे.

२०१३ साली एड की आणि डेव्हिड कनागा या जोडीने 'प्रोटियस' नावाचा खेळ बाजारात आणला, तेव्हा या वादाला विशेष तोंड फुटले. खेळ तरी काय? एक बेट. दर खेपेला ते नव्याने रचले जाते. आपण समुद्रातून किनाऱ्याला लागायचे आणि चालू लागायचे. झाडाजवळ जावे, टेकडी चढावी, बेडकामागे लागावे. ज्याच्याजवळ जाऊ त्याचा सूर भोवतालच्या संगीतात मिसळतो. रात्री प्रकाशकणांचे एक रिंगण फिरू लागते. त्यात उभे राहिले की काळ भराभरा पळतो आणि ऋतू पालटतो. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत चार ऋतू झाले, की खेळ आटोपला. मिळाले काय? काही नाही! अशा खेळांना हिणवून 'वॉकिंग सिम्युलेटर', म्हणजे चालण्याचे सोंग, म्हणतात.

या पंडितांना माझा साधा सवाल आहे: भातुकलीत कोण जिंकते? लुटुपुटीचा भात शिजतो, बाहुलीचे लग्न लागते, सांजावले की बोळकी आवरतात. त्याला खेळ म्हणायला आपल्या आज्या कोणा पंडिताची परवानगी काढायला गेल्या नव्हत्या. दिवाळीतला मातीचा किल्लाही तसाच. हळीव उगवले, मावळे मांडले, की तासन्‌तास नुसते बघत बसायचे. पण आपण त्याच्याही स्पर्धा भरवल्या. बक्षीस आले, आणि माती मळायला मुलांच्याऐवजी बापच बसू लागले!

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. सुट्टीत काय पाहिलेत ते लिहा म्हटले, की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "सर, किती मार्कांना?" हे त्या पोरांनी जन्मतः आणलेले नाही. आपणच शिकवले आहे.

या खेळांचे कैवारीही मला तितकेच खटकतात. म्हणे, यांनी मनावरचा ताण हलका होतो. म्हणजे निरुद्देश भटकायचे तर त्यालाही वैद्याची चिठ्ठी हवी! आनंदासाठी भटकलो, एवढे कारण पुरत नाही की काय?

पडद्यावरचा बेडूक म्हणजे विहिरीवरचा बेडूक नव्हे, हे मला कळते. खुशाल पाठवा मुलांना खऱ्या रानात. मात्र सोबत शिबिर, शिट्टी आणि प्रमाणपत्र देऊ नका.

परवा एका पालकांनी मला विचारले, "मास्तर, या बेटाच्या खेळाने आमच्या बाळूचा भूगोल सुधारेल का हो?"

मी म्हटले, "मुळीच नाही. खेळू द्या त्याला."