लेपर्ड गेको आणि आमचा पावसाळा

सुपा धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या गणेशगुडीत जूनचा पहिला पंधरवडा उलटला की कोरडी म्हणावी अशी वस्तू घरात उरत नाही. कपाटातल्या चामड्याच्या वहाणांना बुरशी धरते, बरणीतले मीठ पाझरते, दप्तरातले जुने दस्तऐवज ओल धरून मऊ पडतात. अशा मुलखात, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य कडेच्या रुक्ष, खडकाळ डोंगरउतारांवर ज्याच्या देहाची घडण झाली तो लेपर्ड गेको कोणी हौसेने पाळावयास आणला, म्हणजे त्याच्या निवाऱ्याचा प्रश्न पुण्या-हुबळीच्या हौशी मंडळींच्या प्रश्नाहून निराळा होतो. माझ्या भाच्याने असा एक गेको घरी आणला, आणि त्याच्या निमित्ताने या प्राण्याच्या राहणीचा व आहाराचा जो अभ्यास मला घडला तो वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते. कारण येत्या सुट्टीत आणखी काही घरांतून मुलांचा हा हट्ट पुरवला जाईल अशी चिन्हे दिसत आहेत.

एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८५४ साली पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील नमुन्यांवरून या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्या भिंतीवरच्या पालीशी तिचे गोत्र जुळत असले, तरी दोन गोष्टींत ती अगदी वेगळी आहे. हिला हलणाऱ्या पापण्या आहेत, आणि हिच्या बोटांना काचेवर चिकटणाऱ्या गाद्या नाहीत. ती जमिनीवर चालणारी, दिवसा कपारीत निजणारी व सांज झाली की बाहेर पडणारी आहे. म्हणून तिच्या घराला उंची नको, पसारा हवा. एका पूर्ण वाढलेल्या गेकोस निदान ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी काचेची पेटी द्यावी, तिचे दार समोरून उघडणारे असावे, आणि वर किंवा बाजूंना जाळी असावी. एका पेटीत एकच प्राणी ठेवावा, कारण दोन नर एकत्र आले की जखमा झाल्यावाचून राहत नाहीत, आणि माद्यांतही दुबळीला मागे रेटून सबळ मादी अन्न व ऊब बळकावते.

पेटीच्या अंतरंगाचा सारा कारभार उष्णतेभोवती फिरतो. या प्राण्याचे रक्त आपल्यासारखे आपले आपण ऊब धरीत नाही, म्हणून त्याला ऊन आणि सावली यांच्यामध्ये स्वेच्छेने ये-जा करता यावी अशी तजवीज लागते: एका टोकाला जमिनीचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सियस, दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश. हे साधण्यासाठी तळाखाली उष्णतापट्टी किंवा वर उष्णतेचा दिवा लावतात, परंतु थर्मोस्टॅटवाचून यांपैकी काहीही लावू नये, असे मी निक्षून सांगतो, कारण नियंत्रण नसलेली पट्टी पोट भाजून काढते आणि मुका प्राणी त्याची फिर्याद कोणापाशी नेणार? तळाला साधी शहाबादी फरशी उत्तम. ती ऊब धरून ठेवते, नखे झिजवते आणि धुता येते. सुटी वाळू मात्र घालू नये, भक्ष्याबरोबर ती पोटात गेली तर आतडे तुंबण्याचा धोका असतो. दडण्याच्या जागा तीन कराव्यात, एक उबेच्या टोकाला, एक थंड टोकाला, आणि एक मधोमध, ओलसर शेवाळ किंवा नारळाचा काथ्या घातलेली, जीत शिरून तो कात टाकतो.

कात टाकण्याचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. आदल्या दिवशी अंगाचा पिवळा-काळा रंग पांढुरका, दुधाळ होतो. मग तो नाकाची कड दगडाला घासून कातडी सोडवतो, हातमोजा ओढावा तशी पायांवरून दाताने ओढून काढतो आणि गिळून टाकतो. बोटांच्या टोकांना मात्र तिचे कडे राहून जाते, ते पुढे आवळते, आणि रक्त न पोहोचल्याने बोट गळून पडते. म्हणून प्रत्येक कातीनंतर भिंगाने बोटे पाहावीत, आणि कातडी उरली असेल तर कोमट पाण्यात पाय भिजवून ओल्या कापसाने हळुवार सोडवावी.

आता आमच्या पावसाचा प्रश्न. या प्राण्याला हवेतील आर्द्रता ३० ते ४० टक्के मानवते, आणि आषाढात आमच्याकडे ती ९०च्या आसपास असते. पुस्तके वाचून पेटी मांडणारा येथे हताश होतो, पण पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम त्याच्या मदतीला येतो. २३ अंशांची, ९० टक्के दमट हवा ३१ अंशांपर्यंत तापली, की तीत बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५६ टक्क्यांवर उतरते. म्हणजे उबेचे टोक आपोआप कोरडे टोकही होते, फक्त तापलेल्या हवेला वर जाळीतून बाहेर पडण्याची वाट हवी. पावसाळ्यात पेटी झाकून ठेवण्याचा मोह घातक आहे. पाण्याचे भांडे लहान व उथळ, थंड टोकाला; ओली कपार फक्त कातीच्या दिवसांत ओली करावी; आणि पेटी भिंतीला टेकवून न ठेवता चार बोटे पुढे घ्यावी, कारण आमच्या चिऱ्याच्या भिंती श्रावणअखेरपर्यंत पाणी पाझरतात. दोन्ही टोकांना उष्णतामापक आणि एक आर्द्रतामापक असल्यावाचून हा हिशेब जुळत नाही.

जंगलातून येणाऱ्या तारांवर झाड कोसळले की वीज जाते, आणि ती कधी परतेल याचा भरवसा नसतो. पेटी थंडावली की एक नियम पाळावा: ऊब नाही तर अन्न नाही. या प्राण्याचे पचन उष्णतेवर चालते, पोट भरलेले असताना अंग गारठले तर खाल्लेले कुजते. उपाशी राहिल्याने प्रौढ गेकोचे काही दिवसांत बिघडत नाही, त्याने आपली चरबी शेपटीत साठवलेली असते. शेपटी मानेइतकी जाड असेल तर त्याची प्रकृती ठीक आहे, ती सुतळीसारखी बारीक दिसू लागली तर शंकेची पाल चुकचुकली पाहिजे.

आहार निव्वळ कीटकांचा. पालेभाजी, भात, फळ यांतले काहीही त्याला द्यावयाचे नाही. मुख्य जिन्नस म्हणजे घरी वाढवलेले रातकिडे, जोडीला मीलवर्म नावाच्या अळ्या. भक्ष्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून अधिक नसावी. पिलाला रोज, प्रौढाला दोन-तीन दिवसांआड, तेही दिवे लागल्यानंतर द्यावे. रातकिडा टाकला की गेको मान उंचावतो, शेपटीचे टोक थरथरते आणि मग झेप पडते. रात्रभर उरलेला रातकिडा मात्र निजलेल्या गेकोलाच कुरतडतो, म्हणून उरलेले लगेच काढून घ्यावेत. कीटकांत स्फुरद अधिक व चुना कमी असतो, त्यामुळे ते कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यावे लागतात, आणि ठरावीक अंतराने जीवनसत्त्व ड-३ही द्यावे लागते. यात हयगय झाली की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, आणि वाकलेली हाडे पुन्हा सरळ होत नाहीत. रातकिड्यांनाही देण्याआधी एक दिवस गाजर व पाला खाऊ घालावा, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच गेकोच्या पोटात जाते. पावसाळ्यात मीलवर्मचा कोंडा दमट होऊन बुरसतो, तो वरचेवर बदलावा.

शेतातले नाकतोडे पकडून घालू नयेत, त्यांच्या अंगावर औषधाची फवारणी असू शकते. आणि काजवा कधीही देऊ नये. मेअखेरीस आमच्या झाडांवर काजवे लखलखतात तेव्हा मुले ते बाटलीत धरतात, आणि त्यांतला एखादा पेटीत टाकण्याची कल्पना कोणालाही सुचेल. परंतु अमेरिकेतील काही काजव्यांच्या अंगी असलेल्या विषाने पाळीव सरडे एकच काजवा खाऊन मेल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा ही परीक्षा येथे कोणी पाहू नये.

इतका सरंजाम सांगितल्यावर कोणी विचारील, की मग इथलीच पाल का पाळू नये, तिला तर आमचा पाऊस मानवतो? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्याच तालुक्यातील गुंद या गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक पाल आहे. २००२ साली बाउअर या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि क्नेमास्पिस हेटेरोफोलिस हे तिचे शास्त्रीय नाव. दिवसा हिंडणारी, डोळ्याच्या गोल बाहुलीची अशी ही लहानशी पाल जंगलातील खोडांच्या व खडकांच्या सावलीत राहते. मुंबई इलाख्याच्या काळात, १९३५ साली, माल्कम स्मिथ या शास्त्रज्ञाने जोगच्या परिसरातून हेमिडॅक्टिलस प्रशादी ही आणखी एक पाल नोंदवली. या प्राण्यांचे घर सह्याद्रीच्या पावसाने आणि सावलीने बांधलेले आहे, आणि काचेची कोणतीही पेटी त्याची बरोबरी करणार नाही, असे माझे ठाम मत आहे. शिवाय काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून वन्यजीव उचलून आणणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ईशान्येकडील टोके गेको हिची तर औषधी गुणांच्या खोट्या अफवांपायी इतकी चोरटी विक्री झाली, की २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचे निर्बंध आले.

म्हणून ज्यांना गेको पाळावयाचाच आहे त्यांनी आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन त्या जातीबद्दलचा नियम लेखी विचारून घ्यावा; प्राणी बंदिवासात जन्मल्याचा दाखला व पावती देत नाही त्या विक्रेत्याच्या दारात उभे राहू नये; सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य किती अंतरावर आहे याची खात्री करावी; आणि रिकामी पेटी चालू करून, मापकांवरचे आकडे आठवडाभर रोजनिशीत टिपून, ते स्थिर झाल्यावरच प्राणी आणावा. नीट सांभाळला तर तो १५ ते २० वर्षे जगतो, म्हणजे आज हट्ट धरणारे मूल शिक्षण संपवून परगावी गेल्यावर त्याची देखभाल आईवडिलांकडे येणार, हेही आजच ठरवावे. आणि ज्यांच्याकडे तो आधीच आहे पण यापुढे सांभाळणे शक्य नाही, त्यांना माझी हात जोडून विनंती, की त्याला धरणाकाठच्या रानात सोडू नका. तो पहिल्या पावसात मरेल, किंवा त्याच्या अंगचा रोग इथल्या पालींना देईल. त्याला वनखात्याच्या हवाली करा.