गिंको : स्मरणशक्तीच्या गोळीचा जमाखर्च

साठी ओलांडली की माणसाला अंथरुणाला खिळण्यापेक्षा विसरण्याची भीती अधिक वाटू लागते. चष्मा कोठे ठेवला हे आठवले नाही तर घरातले हसतात. परंतु नातवाचे नाव ऐन वेळी ओठांवर आले नाही, तर हसणारेही क्षणभर गप्प होतात. या भीतीवर औषधांच्या दुकानात एक उपाय बराच काळ विकला जात आहे. पंख्याच्या आकाराच्या हिरव्या पानाचे चित्र असलेली बाटली आणि तिच्यावर नाव, गिंको बायलोबा. कधी हे पान एकटे असते, तर कधी जिनसेंग आणि जीवनसत्त्वे यांच्यासह एकाच कॅप्सूलमध्ये बसवलेले असते. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांसाठी ज्या भेटी आणतात, त्यांतही ते हमखास सापडते.

गिंको हा वृक्ष मूळचा चीनमधला. त्याच्या संपूर्ण कुळातील ही एकच जात आज पृथ्वीवर उरली आहे. तिचे पूर्वज डायनोसॉरच्या काळात होते आणि त्यांच्या पानांचे ठसे खडकांत मिळतात. जर्मन वैद्य एंगेलबर्ट केंफर याने सतराव्या शतकाच्या अखेरीस हा वृक्ष जपानमध्ये पाहिला आणि १७१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा स्फोटाच्या केंद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या परिसरातील काही गिंको वृक्ष होरपळूनही पुन्हा पालवले. जाहिरातदारांनी ही कथा फार प्रेमाने उचलली. वृक्ष चिवट आहे यात शंका नाही. मात्र चिवट झाडाचे पान खाणाऱ्याच्या अंगी चिवटपणा येतो, हा तर्क कोणत्याच शास्त्रात बसणारा नाही.

'हजारो वर्षांची परंपरा' हे जाहिरातीतले दुसरे वाक्यही तपासून घ्यावे लागते. चिनी वैद्यकात प्रामुख्याने वापर होता तो बियांचा, आणि तोही खोकला व दमा यांसाठी. स्मरणशक्तीसाठी पानांचा अर्क ही विसाव्या शतकातील युरोपची निर्मिती आहे. जर्मनीतील श्वाबे या कंपनीने १९६०च्या दशकात तो बाजारात आणला. आपल्याकडे कोणतीही वनस्पती बाटलीत दिसली की तिला आयुर्वेदिक म्हणण्याची सवय आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांशी या परदेशी वृक्षाचा काही संबंध नाही.

हा अर्क म्हणजे पानांची पूड नव्हे, हा भेद महत्त्वाचा आहे. सुमारे पन्नास किलो वाळलेल्या पानांपासून एक किलो अर्क निघतो. त्यात फ्लेव्होन ग्लायकोसाइड नावाची द्रव्ये सुमारे २४ टक्के आणि टर्पीन लॅक्टोन सुमारे ६ टक्के ठेवली जातात. पानातील गिंकोलिक आम्ले ॲलर्जी उत्पन्न करणारी असल्यामुळे ती दहा लाखांत पाच भागांहून कमी राहतील इतकी काढून टाकतात. संशोधकांनी ज्या मोठ्या चाचण्या केल्या, त्या बहुतांशी अशा प्रमाणित अर्काच्या आहेत. बाटलीवर नुसते 'गिंको पर्णचूर्ण' लिहिलेले असेल, तर चाचण्यांचा कोणताही निष्कर्ष, अनुकूल असो वा प्रतिकूल, त्या बाटलीला लागू होत नाही.

मग अर्काचा उपयोग होतो का? यावरील सर्वांत वजनदार चाचणी अमेरिकेत झाली. ३,०६९ वृद्ध, बहुतेक पंचाहत्तरी ओलांडलेले, तिच्यात सहभागी झाले. निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क आणि उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळाली. कोणाला काय मिळत आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. सुमारे सहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २४६ जणांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या योगायोगाच्या कक्षेतला होता. अर्काने स्मृतिभ्रंश वाढवला असे त्यावरून म्हणता येत नाही. पण रोखला नाही, हे स्पष्टपणे म्हणता येते. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये सत्तरीपुढील २,८५४ जणांवर पाच वर्षे चाललेल्या चाचणीचा निकाल २०१२ साली आला. तेथे अल्झायमरची नोंद अर्काच्या गटात ६१ आणि दुसऱ्या गटात ७३ अशी झाली, आणि हाही फरक निर्णायक ठरला नाही. आज ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्याने उद्याच्या विम्यासारखी ही गोळी घ्यावी, याला त्यामुळे आधार उरत नाही.

ज्यांना सौम्य स्मृतिभ्रंश जडलेला आहे, त्यांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०१५ साली प्रौढांसाठी रोज २४० मिलिग्रॅम प्रमाणित अर्काचा वापर, वयोमानानुसार येणारे बौद्धिक शैथिल्य आणि सौम्य स्मृतिभ्रंश यांसाठी मान्य केला. याउलट कोक्रेनच्या २००९ च्या आढाव्याने सगळा पुरावा विसंगत आणि अविश्वसनीय ठरवला. विद्वानांत मतभेद आहेत एवढे खरे. ज्या सुधारणेसाठी भांडण आहे ती फार मोठी नाही, हेही तितकेच खरे. कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्या विकारावर गिंकोचा उपयोग होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

खर्चाची बाजू मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. गिंकोतील गिंकोलाइड-बी हे द्रव्य रक्तातील बिंबिका एकत्र येण्याच्या एका प्रक्रियेत अडथळा आणते. १९९७ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सत्तर वर्षांच्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. तो हृदयशस्त्रक्रियेनंतर रोज ॲस्पिरिन घेत असे. त्याने गिंकोच्या गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात डोळ्याच्या आत आपोआप रक्तस्राव झाला. गिंको बंद केले, ॲस्पिरिन चालू ठेवले; रक्तस्राव पुन्हा झाला नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि वर सांगितलेल्या अमेरिकन चाचणीत दोन्ही गटांतील एकूण गंभीर रक्तस्रावांत लक्षणीय फरक दिसलाही नाही. तथापि मेंदूतील रक्तस्रावाचे रुग्ण अर्काच्या गटात सोळा आणि दुसऱ्या गटात आठ होते. आकडे लहान आहेत, म्हणून त्यांवरून निर्णय करता येत नाही. पण वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन चालू असलेल्या माणसाने, लाभ संदिग्ध असलेल्या गोळीसाठी हा धोका का पत्करावा? गुडघेदुखीवरच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनाही हीच सावधगिरी लागू पडते.

शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी बंद करावी लागते. अनेक भूलतज्ज्ञ दोन आठवड्यांचे अंतर मागतात. अडचण अशी की, 'कोणती औषधे चालू आहेत' असे डॉक्टरांनी विचारले, तर वृद्ध मंडळी रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी सांगतात. गिंकोचे नाव काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसून 'टॉनिक' असते. दात काढण्याच्या दिवशीदेखील हे नाव सांगितलेले बरे.

अपस्माराच्या रुग्णांनी गिंकोपासून दूर राहावे. त्याच्या बियांत, आणि अत्यल्प प्रमाणात पानांतही, गिंकोटॉक्सिन असते. ते जीवनसत्त्व बी-६ च्या कार्यात अडथळा आणून झटके उत्पन्न करते. जपान आणि चीनमध्ये बिया भाजून वा शिजवून खातात, आणि अधिक बिया खाल्ल्याने विशेषतः लहान मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. शिजवल्याने हे विष पूर्णपणे जात नाही. उंदरांना अर्काच्या मोठ्या मात्रा दिल्या असता यकृतात आणि थायरॉइडमध्ये गाठी आढळल्या. त्यामुळे कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने अर्काला 'कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता' असलेल्या वर्गात ठेवले आहे. माणसांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही.

आणि बाटलीत जे लिहिले आहे तेच असते काय? २०१५ साली चीनच्या औषध नियंत्रकांना आढळले की, काही कारखाने मद्यार्काऐवजी स्वस्त हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून अर्क काढत होते. दुसऱ्या वनस्पतींतून स्वस्तात मिळणारे रुटिन मिसळण्याचा प्रकारही या धंद्यात जुनाच आहे. त्यामुळे २४ टक्क्यांची बेरीज कागदावर बरोबर जुळते. खतावणीत एकूण रक्कम बरोबर आणि आतल्या नोंदी खोट्या, असाच हा प्रकार. कॅप्सूलचे कवच हा निराळा मुद्दा: जिलेटिनचे कवच प्राणिज असते, सेल्युलोजचे वनस्पतिजन्य. पानाचे चित्र हिरवे असले म्हणून कवच शाकाहारी ठरत नाही. हिरवा ठिपका पाहूनच बाटली घरात आणावी.

विस्मरणाची काही कारणे साध्या उपचारांनी दूर होतात, आणि गिंकोच्या नादात नेमकी तीच मागे राहतात. थायरॉइडची मंद गती, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या ही त्यांपैकी काही. शाकाहारी घरांत विशेष पाहावे ते जीवनसत्त्व बी-१२. वनस्पतींतून ते जवळजवळ मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते, पण वृद्धापकाळी त्याचे शोषण मंदावते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या त्यात आणखी भर घालतात. कमतरता फार वाढली तर विस्मरणाबरोबर तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि उपचार लांबला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. रक्ताच्या एका साध्या तपासणीत याचा सुगावा लागतो, आणि गोळी वा इंजेक्शन देऊन ही कमतरता भरून काढता येते.