यकृताचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यकृतावर लेख लिहावा, हे पाहून आमचे शास्त्र शाखेचे मित्र हसतील. हसोत बिचारे. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद यांपलीकडे आम्हांला काही कळत नाही, असा त्यांचा जुना समज आहे. परंतु गेल्या वर्षी माझ्या मामांना यकृताचा कर्करोग झाला आणि त्या निमित्ताने मला जो प्रश्न पडला, तो निव्वळ हिशेबाचा होता. म्हणून हा खटाटोप.

उपचाराच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक चित्र काढून दाखवले. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते आणि उरलेले यकृत रोहिणीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण मुख्यतः रोहिणीतूनच घेते. म्हणून जांघेतून एक बारीक नळी रोहिणीपर्यंत नेऊन औषध तेथेच सोडायचे. म्हणजे गाठीला जास्त मिळते आणि निरोगी भागाला कमी. मी विचारले, "डॉक्टर, पुढे रोहिणीला फाटे फुटतात. कुठल्या फाट्याला किती गेले, हे आधी कसे कळते?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, "फोटोत दिसते तेवढे बघतो. बाकी अनुभव आणि अंदाज."

हेच मी मामींना मराठीतून आणि शेजारच्या खाटेवरील अज्जांच्या मुलाला कन्नडमधून सांगितले. मामा पडल्यापडल्या ऐकत होते. सारा जन्म उसाला दारे धरण्यात गेलेला माणूस. ते म्हणाले, "अरे, पाटात पाला पडला तर कुठल्या सरीत जातो, ते पाला कुठल्या कडेला पडला त्यावर असतंय. डाव्या कडेचा डाव्या फाट्याला जातोय. एवढं त्यांना कळत नसंल होय?"

मामांच्या या बोलण्यात किती शास्त्र होते, ते मला पुढे वाचनात कळले. यकृताच्या कर्करोगावर एक उपचार असा आहे की, यिट्रियम-90 हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेले काचेचे किंवा राळेचे लाखो सूक्ष्म गोलक रोहिणीत सोडतात. एकेका गोलकाचा व्यास 20 ते 60 मायक्रॉन. त्याचे किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर एवढेच जातात आणि दर 64 तासांनी किरणोत्सर्ग निम्मा होतो. म्हणजे गोलक जेथे अडकेल तेथेच त्याचे काम. गाठीत अडकला तर उपचार, निरोगी भागात अडकला तर नुकसान. सगळा प्रश्न वाटणीचा!

2010 साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे क्लेमेंट क्लाइनस्ट्रॉयर, कर्करोगतज्ज्ञ अँड्र्यू केनेडी आणि त्यांचे सहकारी यांनी याच वाटणीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी यकृत रोहिणीची प्रतिकृती संगणकात उभी केली, द्रवाच्या प्रवाहाची समीकरणे तीत सोडवली आणि गोलक कोठून सोडले तर कोणत्या फाट्यात जातात ते पाहिले. निष्कर्ष मामांच्या पाटाचाच निघाला. नळीचे टोक रोहिणीच्या मध्यावर आहे की एका कडेला, यावर गोलकांचा मुक्काम बराच अवलंबून असतो. हृदयाच्या ठोक्याच्या कोणत्या क्षणी ते सोडले, यानेही फरक पडतो. शिवाय नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हा प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात दाखवलेला नियम आहे. इतक्या नाजूक व्यवहारात नुसता अंदाज कसा पुरणार?

येथे आमच्या परिव्यय लेखाशास्त्राचा संबंध येतो. कारखान्याचा अप्रत्यक्ष खर्च सर्व विभागांवर सारखा वाटला, तर हिशेब सोपा होतो. पण कोणता विभाग तोट्यात आहे ते कधीच कळत नाही. वरील उपचारात मात्रा ठरवण्याची एक रूढ रीत नेमकी अशीच आहे. उपचार करायच्या भागात किरणोत्सर्ग सगळीकडे सारखा पसरेल, असे ती गृहीत धरते. प्रत्यक्षात तसा तो पसरत नाही.

हिशेब सुधारल्याने माणसाचे काही भले होते का? फ्रान्समध्ये 60 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निकाल 2021 साली प्रसिद्ध झाला. सर्वांच्या गाठी 7 सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या होत्या आणि सर्वांसाठी तेच काचेचे गोलक ठरवले होते. एका गटाची मात्रा रूढ रीतीने काढली, तर दुसऱ्या गटात गाठीला किती आणि निरोगी भागाला किती, हे प्रत्येकाच्या तपासणीवरून मोजून काढली. पहिल्या गटात 36 टक्के रुग्णांच्या गाठींनी उपचाराला दाद दिली, दुसऱ्यात 71 टक्के. आयुर्मानाचा मध्यांक पहिल्या गटात 10.7 महिने, तर दुसऱ्यात 26.6 महिने. ही चाचणी लहान होती, आणि तीत प्रवाहाची संगणकीय प्रतिकृती वापरलेली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण सरासरी सोडून माणसागणिक हिशेब केला की काय होते, ते तीत दिसते. संगणकाची प्रतिकृती ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

आता आक्षेपांकडे वळू. संगणक सांगेल ते ब्रह्मवाक्य, असे मी मानत नाही. खतावणीत चुकीची नोंद केली तर तेरीज जुळूनही ताळेबंद खोटाच असतो. दूरच्या बारीक फाट्यांतील दाब रुग्णाच्या शरीरात मोजता येत नाही. तो गृहीत धरावा लागतो. म्हणून लेखापरीक्षण हवे. उपचारानंतर गोलक प्रत्यक्षात कोठे गेले ते स्कॅनमध्ये पाहता येते. संगणकाचे भाकीत आणि तो स्कॅन यांचा मेळ दरवेळी घातला पाहिजे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आपल्याकडे जेथे साध्या तपासणीला रांग लागते, तेथे ही चैन कशाला? माझे उत्तर उलट आहे. जेथे औषध महाग आणि पैसा थोडा, तेथेच हिशेब अधिक काटेकोर हवा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे काचेचे गोलक देशातच तयार केले आहेत. माल आपण बनवू शकतो, तर त्याच्या वाटणीचा हिशेब करणारी माणसेही आपल्याच गणित, भौतिक आणि संगणक विभागांतून का निघू नयेत?

मामा श्रावणात गेले. त्यांच्यावरचा उपचार वेगळा होता आणि संगणकाने ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु मामींनी दागिने मोडून आणलेल्या औषधातले किती गाठीला लागले आणि किती वाया गेले, याचा जमाखर्च आम्हांला कोणी देऊ शकले नाही. ही रुखरुख मागे राहिली आहे.

शास्त्र शाखेच्या मित्रांनो, समीकरणे तुम्ही सोडवा. हिशेब तपासायला आम्ही आहोत. आणि तो हिशेब रुग्णाच्या माणसांना मराठीत आणि कन्नडमध्ये समजावून सांगणे, हे आपल्या दोघांचेही काम आहे.