ओळख पाहू!

गेल्या भाऊबिजेला वन्सं बोरिवलीहून आमच्या मुलुंडच्या घरी आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आई, ओळख पाहू, मी कोण?" सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. शेवटी म्हणाल्या, "बसा हं, हे येतीलच आता." वन्सं स्वयंपाकघरात येऊन तोंडाला पदर लावून रडल्या.

'हे' म्हणजे मामंजी. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. पूर्वी मी सासूबाईंना खरे ते सांगत असे. पण दर वेळी त्यांना ते नव्यानेच कळे. आता मी मामंजींच्या जुन्या गोष्टी काढते, आणि त्या खुलतात.

जर्मन डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली ज्याची माहिती प्रथम मांडली, तोच हा आजार. त्यात बहुधा कालचे आधी पुसले जाते, जुने मागाहून. हातांची सवय तर पुष्कळदा त्याहूनही टिकते.

म्हणून मी दोघींपुढे ओल्या नारळाच्या करंज्यांच्या पाऱ्या ठेवल्या. सासूबाईंच्या बोटांतून नेटकी मुरड पडू लागली. वन्संची करंजी पाहून त्या म्हणाल्या, "अशी नव्हे गं. आमची थोरली घालते तशी मुरड घाल!"

थोरली म्हणजे वन्संच! त्या डोळे पुसून हसल्या आणि "बरं, आई," म्हणून त्यांनी दुसरी पारी उचलली.

तुमच्या घरी असे कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांची परीक्षा घेऊ नका. आपले नाव आपणच सांगावे आणि शेजारी बसावे.