खापराची साक्ष

पृथ्वीचे चुंबकत्व ओसरत चालले, आता ध्रुव उलटणार, अशी बातमी वर्षातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर फिरतेच. ओसरते आहे हे खरे; 1840 पासून सुमारे नऊ टक्के. पण त्याआधीचे मोजले कोणी? होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, क्षेत्राचा जोर सांगत नाही. तो नेमक्या आकड्यात मोजायची रीत गाउसने 1832 मध्ये बसवली. आपल्या कुलाबा वेधशाळेतल्या नोंदी 1840 च्या दशकातल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवावे लागले. म्हणजे वही आहे जेमतेम दोनशे वर्षांची, आणि तिच्यावरून भविष्य सांगायची घाई.

त्यामागचा हिशेब दगडांत आहे. लाव्हा थंड होताना मॅग्नेटाइटचे कण 580 अंशांच्या खाली आले की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा आणि जोर दोन्ही धरून बसतात. दिशा काढणे त्यातल्या त्यात सोपे. सह्याद्रीचा काळा कातळ 1950 च्या दशकात तपासला, तेव्हा तो वितळून वाहत होता त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे दिसून आले. जोर काढताना मात्र दगड दमवतो. तेलिए या फ्रेंच दांपत्याच्या रीतीने नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा; जुने चुंबकत्व किती उतरले आणि प्रयोगशाळेतल्या क्षेत्रात नवे किती चढले, याचे प्रमाण काढायचे. पंचाईत ही, की त्या तापवण्यानेच दगडातली खनिजे बदलतात आणि साक्षीदार फितूर होतो. कितीतरी नमुने असे बाद होतात.

भाजलेल्या मातीचेही हेच शास्त्र, आणि तिथे एक सोय आहे. दिशेसाठी दगड मूळ जागी कसा होता ते ठाऊक लागते. जोरासाठी त्याची गरज नाही, फुटके खापरही चालते. प्राचीन यहूदा राज्यातल्या रांजणांच्या कानांवर राजमुद्रा असत, त्यामुळे त्यांचा काळ ठरवता येतो. ते कान तपासल्यावर दिसले, की इसवी सनापूर्वी आठव्या शतकात क्षेत्राचा जोर आजच्यापेक्षा बराच जास्त होता आणि काही दशकांतच झपाट्याने उतरला. ध्रुव तेव्हा उलटले नाहीत.

आपल्याकडच्या उत्खननांतही खापरांना तोटा नाही. नक्षीचे तुकडे जपले जातातच. बिननक्षीचेही थर आणि काळ लिहून पिशवीत ठेवावेत. ढिगाऱ्यावर टाकू नयेत.